जावक क्रमांक नसलेले पत्र



गेल्या महिन्यात आमच्या मोबाईलने संप पुकारला. सकाळी कळवा स्टेशनवर उभे होतो. कळव्याला जलद गाडी थांबत नाही, त्यामुळे वाट पाहण्याचा आमचा अनुभव दांडगा आहे. धीमी लोकल किती उशिरा आहे ते बघावे म्हणून मोबाईल काढला, तर पडद्यावर एकच सूचना : जागा शिल्लक नाही. लोकलच्या डब्यात जागा नाही हे आम्ही जन्मभर ऐकत आलो. खिशातल्या डब्यातही नाही, हे नवीन होते.

रात्री दहावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने मोबाईलचा पंचनामा केला. वस्तीतल्या मावशींकडून आलेली 'नमो बुद्धाय, शुभ सकाळ'ची चित्रेच चारशेच्या वर निघाली. कुठे कमळ, कुठे डोंगरामागून उगवणारा सूर्य, कुठे भगवान बुद्धांच्या मूर्तीशेजारी वाफाळणारा चहाचा कप. भगवंतांच्या काळी चहा नव्हता ही गोष्ट चित्र काढणाऱ्याने मनावर घेतली नव्हती. हा रोग एकट्या कळव्याचा नाही. भारतात लोकांचे मोबाईल इतके लवकर का भरतात याचा शोध गूगलच्या लोकांनी घेतला, तेव्हा याच सुप्रभाती चित्रांचा ढीग सापडला. २०१८ च्या जानेवारीत त्याची बातमी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आली होती.

चित्रे पुसून टाकली. पण 'मावशी, पाठवू नका' असे काही आमच्याने म्हणवले नाही. मावशी एकट्या राहतात. पहाटे त्यांचे कमळ आले की वस्तीला कळते, मावशी उठल्या.

साफसफाई करता करता आमचीच जुनी पापे वर येऊ लागली. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, त्या दिवसांतला एक मेसेज सापडला. दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप बसवली आहे, नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला पत्ता लागतो, असा मजकूर. दूरचित्रवाणीवरही तेव्हा हे रंगवून सांगितले गेले. रिझर्व्ह बँकेने असे काही नाही म्हणून सांगितले, पण तोवर आम्ही हातात पडलेली पहिली नोट खिडकीशी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळली होती. आम्ही बी.कॉम. आहोत. चलन आणि बँकव्यवहार हा विषय आम्हाला होता, हे कृपया कोणास सांगू नये. पुढे मे २०२३ मध्ये ती नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले आणि चिपेचा प्रश्न कायमचा मिटला.

कन्या हसली. आम्हालाही हसू आले आणि २१ सप्टेंबर १९९५ आठवला. गणपती दूध पिऊ लागले तो दिवस. आम्ही तेव्हा शाळेत होतो. देवळांपुढे रांगा लागल्या, दूध मिळेना, आणि आमच्या घरी काळा चहा झाला. वडील म्हणाले, "देव प्याला, आपण राहिलो." संध्याकाळी विहारात मोठी माणसे तासभर हसत होती. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले : चमचा मूर्तीला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही, एवढाच चमत्कार. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आपल्याला कोण फसवणार, अशा ऐटीत आम्ही त्या रात्री झोपलो.

ती ऐट तीस वर्षे टिकली आणि परवा कन्येच्या हातात उतरली. तिने आमचाच एक मेसेज वाचून दाखवला. आम्ही तो विहाराच्या ग्रुपवर टाकला होता, इतकेच नव्हे तर जयंतीच्या आधी विहाराच्या फळ्यावर स्वहस्ते सुवाच्य अक्षरांत लिहिला होता. मजकूर असा की, युनोने १४ एप्रिल हा 'जागतिक ज्ञान दिन' जाहीर केला आणि कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांच्या यादीत बाबासाहेबांना पहिला क्रमांक दिला.

"बाबा, याचा जावक क्रमांक काय?" कन्येने विचारले.

हे हत्यार आमच्याच घरातले. आम्ही कारकून. ज्या कागदावर जावक क्रमांक, दिनांक आणि सही नाही तो कागद आम्ही टेबलावर ठेवूनही घेत नाही, आणि घरी आल्यावर त्याच्या गोष्टी जेवताना सांगतो. फळ्यावर लिहिताना मात्र हा मजकूर कोणी, कधी, कुठून पाठवला हे आम्ही विचारले नव्हते. बाबासाहेबांचे नाव आहे ना, मग झाले.

दोघे शोधायला बसलो. कोलंबिया विद्यापीठ १७५४ चे. त्याला अडीचशे वर्षे झाली तेव्हा, २००४ साली, काळाच्या पुढे असलेल्या आपल्या लोकांची एक यादी त्याने केली, आणि तीत बाबासाहेबांचे नाव सन्मानाने आहे. मात्र ती यादी जगातल्या विद्वानांची नव्हे, त्या विद्यापीठाच्या माणसांची. तीत पहिला-दुसरा नंबर नाही. युनोचे म्हणाल तर १३ एप्रिल २०१६ रोजी तिथल्या मुख्यालयात बाबासाहेबांची १२५ वी जयंती साजरी झाली, ही गोष्ट खरीच मोठी आहे. तो कार्यक्रम भारताच्या तिथल्या कायमस्वरूपी कार्यालयाने पुढाकार घेऊन केला होता. युनोने दिन जाहीर केला, असे नव्हे.

हे सारे आम्ही ग्रुपवर लिहिले आणि पूर्वीच्या मजकुराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अर्धा तास कोणी बोलेना. मग एका तरुण कार्यकर्त्याने लिहिले, "दादा, बाहेरचे कमी आहेत का? आपलाच माणूस बाबांचा मान कमी करायला निघाला." खाली सात-आठ अंगठे. आम्हाला वाईट वाटले, खोटे कशाला सांगा. रात्री बराच वेळ झोप आली नाही.

त्या मुलाचा राग आम्हाला कळतो. ज्यांचे नाव घ्यायला लोक कचरत, त्यांचा जगाने गौरव केला असे वाचून छाती भरून येते. आमचीही आली होती. पण या माणसाला आपल्या फळ्यावरच्या नंबराची गरज काय? कोलंबियाची एम.ए. १९१५, लंडनची एम.एस्सी. १९२१, बॅरिस्टर १९२२, डी.एस्सी. १९२३, कोलंबियाची पीएच.डी. १९२७. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' उघडून बघा. आकड्यांचे तक्ते आणि तळटीपा, आकडा कुठून घेतला त्याचा पत्ता त्याच पानावर. असा माणूस आपल्या फळ्यासमोर उभा राहिला असता तर त्याने आधी काय विचारले असते, या विचाराने आम्हाला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी तो कार्यकर्ता विहारात भेटला. म्हणाला, "दादा, चांगल्या गोष्टीची थोडी वाढवून सांगितली तर कोणाचं काय जातं?" आम्ही त्याला राईनपाड्याची आठवण दिली. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुका. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या उन्हाळ्यात मोबाईलवरून देशभर पसरली होती. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली होती, आणि मुलाला परत आणून सोडतात तो शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. पाचही जण. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मारणाऱ्यांतल्या कितीजणांनी तो मेसेज आधी चांगल्या हेतूनेच पुढे पाठवला असेल, की बाबांनो, आपली पोरे सांभाळा?

तो गप्प झाला. पटले की नाही ते कळले नाही. जाताना मात्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांपैकी एक कपाटातून काढून घेऊन गेला. परत द्यायला सांगा कोणीतरी, नोंदवहीत सही केलेली नाही.

ग्रुपवर एक ठराव झाला : बाबासाहेबांच्या वा भगवंतांच्या नावाने वाक्य टाकायचे तर खंड आणि पान, सुत्त असेल तर सुत्ताचे नाव. अंगुत्तर निकायात कालामांना भगवंतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, गुरूच्या शब्दावरही आंधळा विश्वास टाकू नका असे सांगितले, ते आम्ही पौर्णिमेला वाचायचो. आता ग्रुपची सकाळ बरीच शांत असते.

मावशींचे कमळ दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही काळजीने त्यांच्याकडे निघणार, एवढ्यात मोबाईल वाजला. निळा सूर्य, कमळ, चहाचा कप, आणि बाबासाहेबांच्या नावाने दोन ओळी. खाली मावशींनी एकेक अक्षर शोधून लिहिले होते : "खंड म्हाईत न्हाई. तू बघून सांग."

आम्ही अजून बघतोच आहोत. चार खंड झाले.