हायड्रोजनची मोटार आणि घरचा हिशेब

मोटार चालावी, पण धूर निघू नये. मागच्या नळीतून निघालेच तर नुसते पाणी निघावे, ही गोष्ट कोणाला आवडणार नाही? टोयोटा कंपनीने २०१४ साली 'मिराई' नावाची अशी मोटार जपानात विकायला काढली. टाकी भरायला पाचेक मिनिटे पुरतात. साहजिकच मंडळी विचारतात, "मग आपल्या देशाने यात पैसा का घालू नये?"

प्रश्न रास्त आहे. पण वाचकहो, बाजारात गृहिणी विचारते तेच आधी विचारावे: पदरात काय पडणार?

हायड्रोजन कोळशासारखा खणून काढायचा नसतो, तयार करावा लागतो. धूर न करता करायचा, तर उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाणी फोडायचे. निघालेला वायू हवेच्या सातशे पट दाबाने टाकीत कोंबायचा. आणि गाडीत त्याचा प्राणवायूशी संयोग घडवून पुन्हा वीजच करायची! नोट मोडून चिल्लर घ्यावी, चिल्लर देऊन पुन्हा नोट घ्यावी, आणि दर वेळी सराफाने बट्टा कापावा, तशातली ही गत. शंभर युनिटांतली जेमतेम तीस-पस्तीस चाकापर्यंत पोहोचतात. तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर सत्तरांहून अधिक कामी येतात.

जपानने २०१७ साली बेत आखला की, २०२० पर्यंत अशा चाळीस हजार गाड्या रस्त्यावर आणू. आल्या त्याच्या दशांशाच्या आसपास. गाड्या थोड्या म्हणून पंप परवडत नाहीत, आणि पंप थोडे म्हणून गाड्या खपत नाहीत.

मग हायड्रोजन टाकाऊ का? मुळीच नाही. आपले खतांचे कारखाने आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने आजही लाखो टन हायड्रोजन वापरतात. तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्यात पुष्कळ कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. तिथे बॅटरी काय कामाची? म्हणून २०२३ साली सरकारने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यातला मोठा वाटा या कारखान्यांच्या उपयोगी पडावा.

राहिली वाहने. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकला बॅटरीचे ओझे जड जाते. तिथे प्रयोग करायला हरकत नाही. २०२५ साली ३७ बसगाड्या व ट्रक, ९ पंप आणि सुमारे २०८ कोटींचे साहाय्य, अशी चाचणी मंजूर झाली. पुणे-मुंबई रस्ताही तीत आहे. ती अवश्य व्हावी, आणि किलोमीटरला काय खर्च आला याचा जमाखर्च लोकांपुढे यावा.

पण घरोघरच्या मोटारींसाठी गावोगाव हायड्रोजनचे पंप उभारायला सरकारी तिजोरी उघडावी, हे आम्हांला पटत नाही. दिवाळीच्या खरेदीत आपण वस्तूची झगमग पाहतो, पण पैसे मोजताना उपयोग पाहतो. देशानेही तेच करावे.