स्टार्टरची बॅटरी वेगळीच हवी!

शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असं मलाही वाटायचं. मग डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मांडव्याहून गेटवेकडे येताना वारा पडला. ओहोटी लागलेली आणि समोर मोठ्या जहाजांचा मार्ग. आमच्या दादाने चावी फिरवली. 'टक्'. पुन्हा 'टक्'. बस्स! दिवसभर त्याच बॅटरीवर आम्ही गाणी वाजवली होती, फोन चार्ज केले होते. शेवटी एका मच्छीमार बोटीने आम्हाला ओढत आणलं.

तेव्हा सगळ्यांनी बॅटरीला शिव्या घातल्या. माझ्या मते चूक वायरिंगची होती. स्टार्टरला काही सेकंदच, पण शंभराहून जास्त अँपिअर लागतात. दिवे आणि रेडिओ थोडंच खातात, पण तासन्‌तास. दोघांना एकच बॅटरी देणं म्हणजे परीक्षेची फी आणि कॅन्टीनचे पैसे एकाच पाकिटात ठेवणं!

उपाय साधा आहे. एक बॅटरी फक्त स्टार्टरसाठी, दुसरी बाकी सगळ्यासाठी. मग एकाच अल्टरनेटरवर दोन्ही चार्ज कशा होणार? मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले बसवायचा. इंजिन सुरू झालं की व्होल्टेज साधारण १३.५ च्या आसपास जातं आणि रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद झालं, व्होल्टेज उतरलं की तोडतो. रात्रभर दिवे जळले तरी स्टार्टरची बॅटरी शाबूत.

काहीजण म्हणतात, हाताने फिरवायचा स्विच स्वस्तात मिळतो की! मिळतो. पण दमलेला माणूस तो फिरवायला विसरतो. आणि इंजिन चालू असताना चुकून 'बंद'वर गेला, तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. जुगाड तर नकोच. वायर पुरेशी जाड हवी आणि जोडणीच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा.

गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जगाला फेरी मारून आल्या. भर समुद्रात मेकॅनिकला फोन लावता येत नाही. आम्हाला मात्र कोर्समध्ये वारा शिकवला, गाठी शिकवल्या, पण बॅटरीचा खोका एकदाही उघडून दाखवला नाही. सेलिंग शिकायला जाणार असाल, तर पहिल्याच दिवशी विचारा, 'सर, स्टार्टरची बॅटरी कुठली?' उत्तर मिळेपर्यंत किनारा सोडू नका.