धावणारी मुलगी आणि कॉलेजचे कोच

न्यू जर्सीहून एका भगिनीने विचारले आहे : मुलगी अकरावीत आहे, लांब पल्ल्याच्या शर्यती धावते, कॉलेजचे कोच आपणहून बोलावतील का? क्वचितच. डिव्हिजन वनच्या कोचना दहावी संपताच 15 जूनपासून मुलांशी थेट बोलता येते, म्हणजे तुमची वेळ सुरू झालेली आहे. ईमेल मुलीनेच लिहावा, अब्बांनी नाही. (अब्बांची भाषा कोच लगेच ओळखतात!) कप-पदकांपेक्षा 1600 आणि 3200 मीटरच्या वेळा, तारखा आणि मार्कशीट महत्त्वाची. पैशांचे मात्र तुम्ही विचारा. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसतेच. मदत मिळते ती गुण किंवा घरची मिळकत पाहून. इतरत्रही धावपटूंना बहुधा अर्धीमुर्धीच मिळते. पाय दुखावला तर ती चालू राहील का, हे सहीपूर्वी लेखी घ्या.