एक्झिक्युटरच्या मेहनतीचे पैसे

मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा माणूस, नेमताना आपल्याकडे एकच गोष्ट पाहतात: माणूस विश्वासातला हवा. मग भाच्याला किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राला गळ घातली जाते, तोही भिडेखातर हो म्हणतो. पैशाचा विषय कुणीच काढत नाही.

वारसांत एकोपा असेल तर हे निभावतं. पण एका मुलाने मृत्युपत्र खोटं म्हणत कॅव्हेट, म्हणजे हरकतीची नोटीस, दाखल केलं, की प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर मिळवण्याचा, अर्ज दावा होऊन बसतो आणि वर्षानुवर्षं चालतो. तोवर बंद फ्लॅटचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, गळणारी भिंत, प्राप्तिकराचं विवरणपत्र हे सगळं त्या भाच्याच्या गळ्यात. प्रोबेट मिळालं तरी सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा. हलगर्जीपणाने नुकसान झालं तर भरपाई स्वतःच्या खिशातून. शिवाय दोन्हीकडच्या शिव्या.

1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 309 म्हणतं, की अॅडमिनिस्ट्रेटर जनरल या मृतांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासाठी ठरलेल्या दरापेक्षा जास्त कमिशन एक्झिक्युटरला घेता येणार नाही. ही झाली वरची मर्यादा. त्याच्या दहा वर्षांच्या खेपांचं मोल काय, हे ते कलम सांगत नाही. उलट प्रोबेटचा आणि मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी लागलेल्या कोर्टकचेरीचा खर्च कलम 321नुसार अंत्यविधीच्या खर्चापाठोपाठ, इतर देण्यांच्या आधी मालमत्तेतून निघतो. म्हणजे वकिलाच्या फीची सोय आहे. कागद सांभाळणाऱ्याच्या वेळेची नाही. हा मला सरळ अन्याय वाटतो.

काही जण एक्झिक्युटरच्या नावे एकरकमी रक्कम ठेवतात. कलम 141प्रमाणे त्याने काम पत्करलं तरच ती मिळते, हे ठीक. पण काम तीन महिन्यांत संपो की पंधरा वर्षं चालो, रक्कम तेवढीच. म्हणून मृत्युपत्रात वाद चालेल तितकी वर्षं दरसाल अमुक रुपये असं स्पष्ट लिहावं, हिशेबनीस नेमायची मुभा द्यावी आणि दरवर्षी सगळ्या वारसांना हिशेब पाठवण्याची अट घालावी. ‘आमच्या वाट्यातून का?’ असं वारस विचारतील. कारण सांभाळली जाते ती त्यांचीच मालमत्ता. फुकट राबणारा माणूस एक तर काम टाकतो, नाहीतर ‘माझे कष्ट’ म्हणत परस्पर पैसे उचलतो, आणि तिथून दुसरा दावा उभा राहतो.

एक धोका मात्र उरतोच. मृत्युपत्रच रद्द ठरलं तर त्यातलं मोबदल्याचं कलमही जातं. त्यामुळे वाद कोर्टात असताना एक्झिक्युटरने स्वतःच्या मेहनतान्याचा एक रुपयाही आपल्या अखत्यारीत उचलू नये. आधी अर्ज करून हुकूम घ्यावा. वाद चिघळला असेल तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत कलम 247खाली प्रशासक नेमून घ्यावा, त्याचा मेहनतानाही कोर्टाकडूनच ठरवून घ्यावा. आणि एक्झिक्युटर स्वतःच्या वाट्यासाठी भांडत असेल, तर त्या भांडणाचा खर्च मालमत्तेवर टाकू देऊ नये.