गाडीची काच बदलली, मग कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनचे पैसे इन्शुरन्स देतो का?

हायवेवर पुढच्या डंपरमधून एक खडा उडतो आणि गाडीच्या पुढच्या काचेला छोटासा तडा जातो. आठवड्याभरात तोच तडा वाढत काचेच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत यावरचा उपाय सोपा होता. गॅरेजला जायचं, काच बदलायची, क्लेम टाकायचा, विषय संपला.

आता विषय तिथे संपत नाही. नव्या गाड्यांमध्ये आतल्या आरशामागे, काचेला लागून एक छोटा कॅमेरा असतो. काच बदलली की या कॅमेऱ्याचा नेम पुन्हा जुळवावा लागतो. याला म्हणतात कॅलिब्रेशन. बिलात त्याची वेगळी ओळ येते आणि वाद होतो तो या ओळीवरून. हे पैसे कोणी द्यायचे? गाडीमालकाने की इन्शुरन्स कंपनीने?

हा कॅमेरा करतो काय?

हा कॅमेरा 'ॲडास' म्हणजे ॲडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टीमचा डोळा आहे. रस्त्यावरचे पट्टे, पुढची गाडी, अचानक आडवा आलेला माणूस हे सगळं तो बघतो. त्यावरून गाडी वॉर्निंग देते, स्टिअरिंग किंचित वळवते किंवा स्वतःहून ब्रेक लावते.

भारतात २०२१ मध्ये आलेल्या एमजी ॲस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही७०० या गाड्यांनी हे तंत्रज्ञान मध्यमवर्गाच्या बजेटजवळ आणलं. त्यानंतर ह्युंदाई व्हर्ना, किया सेल्टोस, टाटा हॅरिअर यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्येही ते आलं. काही गाड्यांत कॅमेऱ्याच्या जोडीला रडार असतं. होंडा सिटीसारख्या गाडीत मात्र सगळी भिस्त काचेमागच्या कॅमेऱ्यावरच आहे.

थोडा फरक पडला तर काय बिघडतं?

साधं गणित बघा. कॅमेऱ्याचा कोन फक्त १ अंशाने चुकला, तर १०० मीटरवर तो फरक जवळपास पावणेदोन मीटरचा होतो. आपल्या हायवेची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे कॅमेरा अर्धी लेन चुकतो. शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच समोर आहे असं गाडीला वाटू शकतं. किंवा समोरचा ट्रक समोर नाहीच, असंही वाटू शकतं.

यातली अडचण अशी की, दर वेळी डॅशबोर्डवर लाल दिवा लागेलच असं नाही. गाडी नेहमीसारखीच चालते. चूक कळते ती ब्रेकची गरज पडल्यावर.

कॅलिब्रेशन होतं कसं?

याचे दोन प्रकार आहेत. 'स्टॅटिक' प्रकारात सपाट जमिनीवर गाडी उभी करून, तिच्यासमोर ठरलेल्या अंतरावर खास खुणांचा बोर्ड लावतात आणि स्कॅनरने कॅमेरा जुळवतात. 'डायनॅमिक' प्रकारात स्कॅनर जोडून, ठरावीक वेगाने, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवतात. काही मॉडेल्सना दोन्ही लागतात. जागा, बोर्ड, सॉफ्टवेअर आणि ट्रेनिंग घेतलेला माणूस हे सगळं लागत असल्यामुळे हे काम प्रत्येक गॅरेजला जमत नाही.

पॉलिसी काय म्हणते?

पहिली गोष्ट, फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काचही नाही आणि कॅलिब्रेशनही नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' कव्हर म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी हवी.

दुसरी गोष्ट, काचेच्या भागांवर घसारा शून्य धरला जातो. म्हणजे नुसत्या काचेसाठी 'झिरो डेप' ॲड-ऑनची गरज नसते. कंपल्सरी डिडक्टिबल मात्र खिशातून जातं. बहुतेक पॉलिसींमध्ये ते १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये असतं. काच चिकटवायचं सामान बऱ्याचदा 'कन्झ्युमेबल्स' मध्ये मोजलं जातं. ते ॲड-ऑन नसेल तर तेवढे पैसे कापले जाऊ शकतात.

आता मुख्य मुद्दा. भारतातल्या स्टँडर्ड पॉलिसीत 'कॅलिब्रेशन' हा शब्दच नाही. अंशतः नुकसान झालं तर दुरुस्तीचा किंवा पार्ट बदलण्याचा 'प्रत्यक्ष आणि वाजवी' खर्च मिळेल, असं त्यात म्हटलंय. उत्पादकाच्या पद्धतीनुसार काच बदलल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागत असेल, तर ते त्याच दुरुस्तीचा भाग आहे. गाडीमालकाची खरी बाजू ही आहे.

पण त्याच पॉलिसीत आणखी एक कलम आहे. परिणामस्वरूप होणारं नुकसान आणि इलेक्ट्रिकल बिघाड यांचे पैसे मिळत नाहीत. कॅमेरा स्वतः फुटलेला नसतो, त्यामुळे 'कॅमेऱ्याला काही झालंच नाही, मग खर्च कशाचा?' असा प्रश्न येऊ शकतो. पॉलिसी गप्प असल्यामुळे निकाल बराचसा एस्टिमेटवर काय लिहिलंय त्यावर अवलंबून राहतो.

बाहेरच्या देशांत काय नियम आहेत?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात २०२३ च्या कायद्यानुसार, काच बदलणाऱ्या दुकानाला कॅलिब्रेशन लागणार आहे का, हे ग्राहकाला आधीच सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या थॅचम रिसर्च या संस्थेने ॲडास असलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी निकष घालून दिले आहेत. दोन्हीकडे कॅलिब्रेशन हा दुरुस्तीतलाच एक टप्पा धरला जातो.

क्लेम टाकावा की खिशातून भरावं?

क्लेम टाकला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. पुढे तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा दरवर्षी पुन्हा चढतो. समजा, ओन डॅमेज प्रीमियम १५,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के होता. तो परत ५० टक्क्यांवर येईपर्यंत पाच रिन्यूअलमध्ये मिळून साधारण १८,७५० रुपयांची सवलत हातची जाते. नुसत्या काचेचं बिल यापेक्षा कमी असेल तर क्लेम न टाकलेलाच बरा. पण कॅलिब्रेशन जोडलं की हिशोब उलटू शकतो. म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघूनच निर्णय घ्यावा. एनसीबी प्रोटेक्शन ॲड-ऑन असेल, तर त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

मग करायचं काय?

१. जुनी काच काढण्याआधी इन्शुरन्स कंपनीला कळवा. आधी काम आणि मग क्लेम असं केलं तर नकार मिळू शकतो.

२. एस्टिमेटमध्ये काच आणि कॅलिब्रेशन या दोन वेगळ्या ओळी मागा. कॅलिब्रेशन उत्पादकाच्या सूचनेनुसार गरजेचं आहे, हेही गॅरेजकडून लिहून घ्या.

३. मंजुरी ईमेलवर किंवा कंपनीच्या ॲपवर घ्या. फोनवरचं 'होऊन जाईल सर' नंतर दाखवता येत नाही.

४. नवी काच तुमच्या व्हेरिएंटचीच, कॅमेऱ्याचं ब्रॅकेट असलेली आहे ना, ते तपासा. फास्टॅग नवा घ्यावा लागेल, तो कॅमेऱ्यासमोर चिकटवू नका.

५. काम झाल्यावर स्कॅनरचा रिपोर्ट घ्या. पुढे अपघात झाला, तर कॅमेरा जुळवला होता याचा तोच पुरावा.

पैसे नाकारले तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार करता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे दाद मागता येते. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत आणि तक्रारीला फी लागत नाही.

पैशांचा वाद मिटायला वेळ लागू शकतो. तोवर कॅलिब्रेशन झालेलं नसेल, तर गाडीतली लेन असिस्ट आणि क्रूझ कंट्रोलसारखी फीचर्स बंद ठेवा आणि ऑटो ब्रेकच्या भरवशावर राहू नका.