डीजेच्या वर्गणीतून शाळेला कॅमेरा का नाही?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते. बाबासाहेबांकडे लेखणी होतीच. कागद आणि छपाईला मात्र पैसा लागतो.

आज आपल्या वस्त्यांतल्या जिल्हा परिषद शाळांची मुले लिहितात, पण वार्षिकांक हस्तलिखितावरच अडतो. कॅमेरा नाही, प्रिंटर नाही. समग्र शिक्षा योजनेत १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजारांपर्यंत अनुदान. त्यातच वीजबिल, दुरुस्ती, शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेवर. वार्षिकांकाला उरणार काय?

तरीही नुसते शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही, असे आम्हाला वाटते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे समितीचेच काम. आपले किती पालक बैठकीला जातात? शाळा विकास आराखड्यात ही साधने लिहून घ्या.

आणि जयंती मंडळांनी डीजेच्या एका रात्रीच्या पैशातून कॅमेरा, प्रिंटर द्यावा. (डीजेवाल्यांशी आमचे वैर नाही.) वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढवा, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी ती शाळेतच राहील. कपाटाची किल्ली मुलांच्या संपादक मंडळालाही मिळावी, ही अट आधीच घाला. शाईची तरतूद दरवर्षी लागेल, तीही वर्गणीतच धरा.