दृष्टीची दिशा आणि औषधाची फळी

नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये सुश्रुताचार्यांनी दूरेक्षण व सूक्ष्मनिरीक्षण या दोहोंचा समावेश केला आहे. त्यामुळे रुग्ण किती दूरचे व किती बारीक पाहतो, याची चौकशी आपण करतो. तो कोणत्या दिशेस पाहतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. तेही विचारले जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जवळचे पाहताना नेत्रातील स्नायू आकुंचन पावतो व भिंगाची गोलाई वाढते. यास समायोजन म्हणतात. ४० सेंटीमीटरवरील अक्षरासाठी २.५ डायॉप्टर, तर ३३ सेंटीमीटरवरील अक्षरासाठी सुमारे ३ डायॉप्टर समायोजन लागते. ही शक्ती बालपणापासूनच घटत जाते आणि चाळिशीनंतर तिची उणीव जाणवू लागते. दृष्टी खाली असताना ही शक्ती काहीशी अधिक व वर असताना कमी भरते, हे मोजमापांनी दिसून आले आहे. खाली पाहताना दोन्ही नेत्र सहज आत वळतात. शिवाय मान झुकली की गुरुत्वाकर्षणाने भिंग किंचित पुढे सरकते. फरक मोठा नाही. परंतु ज्याची शक्ती मुळात काठावर आहे, त्याला तेवढ्यानेही अक्षर अंधुक होते.

येथे आपल्या व्यवसायाचा प्रत्यक्ष संबंध येतो. गुहागरसारख्या किनारपट्टीच्या गावी पावसाळ्यातील ओलाव्यापासून जपण्यासाठी औषधे उंच फळीवर ठेवणे सोयीचे वाटते. रसकल्प व भस्मांच्या लहान बाटल्या तेथेच जातात. पन्नाशीचा औषधविक्रेता मान वर करून त्यांची नावे वाचतो. त्याला द्विकेंद्री चष्मा असल्यास जवळचे भिंग खालच्या भागात असते, म्हणजे तो दूरच्या भिंगातून बारीक अक्षर वाचत असतो. शंखभस्म व शृंगभस्म यांत दोनच अक्षरांचा फरक आहे. गुणकर्मांत मात्र फार मोठा. रसकल्पांची मात्रा तर मिलिग्रॅममध्ये मोजली जाते. तेथे अंधुक वाचन क्षम्य नाही.

म्हणून सूचना अशी, की बारीक लेबलांची औषधे छातीच्या उंचीवर, बंद कपाटात ठेवावीत. वरच्या फळीवर मोठ्या अक्षरांचे चूर्णांचे डबे असावेत. बाटली खाली घेऊन, उजेडात, नाव पुन्हा वाचल्यावाचून औषध देऊ नये.

वैद्यांनीही जवळची दृष्टी तपासताना रुग्णाची कामाची स्थिती विचारात घ्यावी. केवळ वर पाहतानाच अक्षर पुसट होत असेल, तर तिमिराचे निदान करून त्रिफलाघृत लिहिण्यापूर्वी चष्मा व कामाच्या जागेची उंची पाहावी. दृष्टी अकस्मात मंदावली असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर मात्र विलंब न करता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा होय. तिचा आरंभ आपल्या फळीपासून व्हावा.